धरून ठेवलेली जागा

काही प्रश्न माणसे बोलून दाखवीत नाहीत. त्यांची उत्तरे अवघड असतात असे नाही. ते आपल्या मनात आले याचीच लाज वाटते. नवरा किंवा बायको इस्पितळात पडलेली असताना घरी राहिलेल्याने पोटभर जेवावे काय? मुलाने शाळेतली नक्कल करून दाखविली तर हसावे काय? भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावी काय? रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली, तर त्या झोपेला काय म्हणावे? प्रश्न क्षुद्र दिसतात. परंतु ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला ठाऊक असते की दिवसाचे चोवीस तास तो याच प्रश्नांच्या पहाऱ्यात वावरत असतो. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न आहे : दोन ठिकाणी वाटलेले लक्ष ही निष्ठेची उणीव समजावी, की निष्ठेचेच एक रूप समजावे?

आपल्या समाजाचे उत्तर ठरलेले आहे. जो आजारी माणसाच्या उशापासून हलत नाही, ज्याला जेवणाखाण्याची शुद्ध नाही, ज्याची दाढी वाढली आहे, तो खरा. "बिचाऱ्याला स्वतःचं भान नाही हो," असे लोक म्हणतात आणि त्यात कौतुक असते. उलट जो ठरल्या वेळी कामावर जातो, मुलांच्या सदऱ्याला इस्त्री करतो, गॅसचा नंबर लावतो, त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नाही. परंतु त्याच्याकडे पाहताना भुवया किंचित वर जातात. एकाग्रता हाच प्रेमाचा पुरावा, अशी आपली समजूत आहे. जपात मन इकडेतिकडे गेले की जप फुकट गेला असे आपल्याला लहानपणी शिकविलेले असते, आणि तोच हिशेब आपण माणसांनाही लावतो.

या समजुतीला आधार म्हणून सावित्रीचे नाव हमखास घेतले जाते. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना जी सावित्री डोळ्यांसमोर असते तिला नवऱ्यावाचून दुसरे काही दिसत नाही. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री मात्र तशी नाही. यम सत्यवानाचे प्राण घेऊन निघाला, ती मागोमाग चालली, आणि याचे प्राण सोडून काहीही माग असे तो म्हणाला, तेव्हा तिने पहिला वर मागितला तो आंधळ्या सासऱ्याच्या डोळ्यांसाठी. दुसरा त्याच्या गेलेल्या राज्यासाठी, तिसरा आपल्या निपुत्रिक बापाच्या वंशासाठी. चौथ्यात स्वतःची मुले आली आणि नवरा आला पाचव्यात. कोणी म्हणेल, हा तिचा मुत्सद्दीपणा; प्राण मागायला बंदी होती म्हणून ती आडवाटेने गेली. असेलही. परंतु नवऱ्याचे प्रेत मागे टाकून यमाच्या पाठोपाठ चालणाऱ्या बाईला त्या क्षणी सासऱ्याची दृष्टी आठवावी, हे केवळ मुत्सद्देगिरीचे काम नव्हे. तिच्या मनात घर होते. सत्यवान उठला तेव्हा रात्र झाली होती, आईबाप वाट पाहत असतील म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. सावित्रीने फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगली, ती उद्या नेता येईल म्हणून. कुऱ्हाड स्वतः घेतली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. यमाला परतवून आल्यानंतर अर्ध्या घटकेत तिला टोपलीची आठवण राहिली, हे व्यासांनी नमूद करून ठेवले आहे. पूजेच्या पुस्तकांतून ती टोपली गळाली.

कालिदासाचे याच्या उलट झाले. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात इंदुमती अकस्मात जाते आणि अज राजा विलाप करतो. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकाला तो विलाप ठाऊक असतो. पुढे वसिष्ठांचा निरोप येतो, आणि मुलगा दशरथ लहान आहे म्हणून अज आणखी आठ वर्षे जगतो. ही आठ वर्षे कालिदास एका श्लोकात आटोपतो. त्या श्लोकातही प्रियेच्या चित्रांकडे पाहणे आणि स्वप्नातल्या भेटी आहेत. दशरथाला धनुष्य कोणी धरायला शिकविले, तापात त्याच्या कपाळावर हात कोणी ठेवला, याचा उल्लेख नाही. विलापाला किती तरी श्लोक आणि आठ वर्षांना एक! मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा कालिदासाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. आम्हीही आजाऱ्याच्या उशाशी दुसऱ्या माणसाला बसवितो, खिडकीबाहेर थोडा पाऊस पाडतो आणि प्रकरण संपवितो. दूधवाल्याचे बिल त्या महिन्यात कोणी दिले, हे लिहीत नाही. त्यामुळे ज्याच्यावर प्रत्यक्ष वेळ येते त्याला वाङ्मयातून विलाप कसा करावा हे समजते, दिवस कसा काढावा हे समजत नाही.

हा विचार मी घरबसल्या केलेला नाही, एवढे सांगणे आवश्यक आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, धायरी, किरकटवाडी, नांदेड या बाजूला, एका विचित्र रोगाची साथ आली. वर्तमानपत्रांनी तिला 'जीबीएस' या तीन अक्षरांनी घरोघर पोहोचविले. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी महायुद्धातल्या दोन सैनिकांना पाहून या रोगाचे वर्णन केले, आणि त्यांपैकी पहिल्या दोघांचे नाव त्याला चिकटले. पोटात एखादा जंतू जातो, जुलाब होतात, बरे वाटते. आणि मग शरीराची जी फौज त्या जंतूशी लढण्यासाठी उभी राहिलेली असते ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर चालून जाते. पायांतली शक्ती जाते, ती कमरेपर्यंत, हातांपर्यंत, कधी छातीपर्यंत. एरवी हा रोग लाखात एखाददुसऱ्याला व्हायचा. त्या वेळी दोन-अडीच महिन्यांत पुणे परिसरात दोनशेच्या वर रुग्ण निघाले. त्यांत माझी पत्नी होती.

सोमवारी तिला जिना चढता येईना, बुधवारी भाकरी थापता येईना, आणि गुरुवारी रात्री तिला श्वासाचे यंत्र लावावे लागले. या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की बहुतेक रुग्णांची बुद्धी पूर्ण शाबूत राहते. माणूस ऐकतो, समजतो, विचार करतो. फक्त त्याला बोट हलविता येत नाही आणि नळी असल्यामुळे बोलता येत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले होते : यातली बहुतेक माणसे बरी होतात, काही होत नाहीत, आणि जी होतात त्यांना महिने लागतात. पाच दिवस शिरेतून महागडे औषध दिले. त्यानंतर करण्यासारखे एकच उरले, वाट पाहणे. मज्जातंतूचा आतला धागाच तुटलेला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, असे एका तरुण डॉक्टरांनी मला सांगितले. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मी मनात मोजले आणि मोजणे सोडून दिले.

घरी माझी आई, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. शाळेत माझे दोन वर्ग. अतिदक्षता विभागात सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे एकाच माणसाला आत सोडीत. बाकीचा वेळ बाहेरच्या बाकावर बसता येई. तेथे आम्ही पुष्कळ जण बसत असू आणि तेथे बसणे, वाचकांना विचित्र वाटेल, पण घरी असण्यापेक्षा सोपे होते. इस्पितळात दुःखाला मान असतो. कोणी चहा आणून देतो, कोणी पाठीवर हात ठेवतो. करण्यासारखे काही नसते, म्हणून काही न केल्याचा दोषही लागत नाही. घरी मात्र धाकट्याच्या पायात मोजे नसतात, आईच्या साखरेच्या गोळ्या संपलेल्या असतात, आणि मुलगी भूमितीचे प्रमेय घेऊन उभी असते. तेथे आपल्या दुःखाकडे बघायला कोणी मोकळे नसते. बाकावरच्या मंडळींत असे दोघेतिघे होते की ज्यांना मिनिटभरही आत जाता येणार नाही हे ठाऊक असूनही ते रात्रंदिवस तेथेच राहत. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. परंतु त्यांच्यापैकी एकाच्या मुलाला शेजारची बाई जेवू घालते आणि तो मुलगा आठ दिवसांत बापाशी बोललेला नाही, हे जेव्हा समजले, तेव्हा एकाग्र निष्ठेचा खर्च कोणाच्या खाती पडतो हेही समजले.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मी पोळ्या लाटतो हे पाहून आमच्या सोसायटीतल्या बायकांनी माझे फार कौतुक केले. त्याच बाकावर ज्यांचे नवरे आत होते अशा बायका होत्या. त्या पहाटे स्वयंपाक करून, डबे भरून, दोन बस बदलून येत आणि संध्याकाळी परत जाऊन पुन्हा चूल पेटवीत. त्यांचे कौतुक केलेले मी ऐकले नाही. बायकोच्या आजारात घर सांभाळणारा नवरा देवमाणूस ठरतो. नवऱ्याच्या आजारात घर सांभाळणारी बायको घर सांभाळीतच असते. म्हणून घर आणि इस्पितळ यांत वाटले जाणे ही काही मला सापडलेली नवी नीती नाही. बायका ती पिढ्यान् पिढ्या पाळीत आल्या आहेत. तिला कोणी नाव दिले नाही, एवढेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घर चालविले पाहिजे हे एकदा मान्य केले की प्रश्न सुटला असे वाटते. तो तेथे सुरू होतो. कारण घर कसे चालवायचे?

आमच्या एक मावशी गावाहून भेटीला आल्या. जीवाला जीव देणारी बाई. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांतली पाच मिनिटे मी त्यांना दिली. त्यांनी पत्नीच्या केसांवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "बाळ, तू घरची अजिबात काळजी करू नकोस. पोरीनं सगळं हातात घेतलंय. तुझ्यावाचून काऽही अडत नाही बघ." शब्द मायेचे होते आणि खरेही होते, मुलगी खरोखरच वरणभात, भाजी करू लागली होती. परंतु पत्नीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आले. ते पुसायला तिला हात नव्हता. मावशींना वाटले, समाधानाने आले. मला तसे वाटले नाही.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आजारी माणसाचे पहिल्यांदा काय जाते? शक्ती जाते, हे खरे. पण शक्तीच्या पाठोपाठ जागा जाते. घरात प्रत्येकाची एक जागा असते. ती खुर्चीची किंवा पाटाची नव्हे. अमुक गोष्ट तिला विचारावी, अमुक बाबतीत तिचा शब्द शेवटचा, अमुक चूक झाली तर ती रागावणार, अशा शंभर धाग्यांनी ती जागा विणलेली असते. इस्पितळात माणसाला खाट मिळते आणि ही जागा सुटते. मग घरच्यांपुढे दोन वाटा असतात. घर सर्वस्वी थांबवावे, म्हणजे आजारी माणसाला वाटते की माझ्यामुळे सगळ्यांचे वाटोळे झाले. तो अपराधी होतो. किंवा घर इतके सुरळीत चालवावे की कोणी नाही हे जाणवूच नये, म्हणजे त्याला वाटते की माझ्यावाचून चालते. तो फालतू होतो. पहिल्या वाटेने आपण त्याच्यावर ओझे घालतो, दुसऱ्या वाटेने त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. आणि दुसरी वाट अधिक फसवी, कारण ती मायेची भाषा बोलते.

एस.टी. स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमालाने कोणाचे बूड टेकत नाही, पण जागा धरली जाते. येणारा येईपर्यंत तेथे कोणी बसत नाही. शेजारी थोडे अवघडून बसतात, गाडी मात्र सुटायची थांबत नाही. घराने असे काही करावे, असे मला वाटू लागले. चालावे, पण थोडे लंगडत चालावे. ज्या पायाची उणीव आहे ती झाकू नये.

हे सुचले ते एका तक्त्यामुळे. अठराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की हिच्या पापण्या आता नीट मिटतात, यांच्याशी खुणांनी बोलून पाहा. मी शाळामास्तर, तक्ते करण्यात आयुष्य गेले. पांढऱ्या कार्डशीटवर मी मोठ्या अक्षरांत वर्णमाला लिहिली. आपली वर्णमाला या कामासाठीच मांडलेली वाटावी अशी आहे : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा ओळी तयारच असतात. मी ओळींवरून बोट खाली न्यायचे, तिने हव्या त्या ओळीशी डोळे मिटायचे. मग ओळीतल्या अक्षरांवरून बोट सरकवायचे, पुन्हा डोळे मिटायचे. काना-मात्रा अंदाजाने. पहिले अक्षर यायला दोन मिनिटे लागली. ते आले द. दुसरे आले ळ. मला वाटले काही दुखते आहे आणि अक्षर चुकले आहे. मी पुन्हा विचारले. डोळ्यांनी तिने ळ-च सांगितला. तिसरे आले ण.

दळण.

अठरा दिवस मृत्यूच्या उंबरठ्यावर मुक्या पडलेल्या बाईचा पहिला शब्द मी नाट्यपूर्ण योजला असता. तिने दळण विचारले. मी खरे ते सांगितले. दळण आणलेले नाही, गव्हाचा डबा हलविलेला नाही, दुकानातले तयार पीठ आणतो. तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. ती रागावली होती! इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर भीती पाहिली होती, थकवा पाहिला होता. राग आज परत आला होता. मग तिने म आणि थ ही अक्षरे सांगितली. आमच्या घरी गव्हाच्या दळणात ती मूठभर मेथ्या घालते, आईच्या साखरेसाठी, आणि आईला कडू लागू नये इतक्याच घालते, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. पंधरा मिनिटे संपली. परिचारिकेने पडदा ओढला. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी गिरणीत गेलो.

त्यानंतर आम्ही ठरवून काही गोष्टी तिच्यासाठी ठेवू लागलो. महिन्याच्या किराण्याची यादी तिच्यापुढे वाचली जाई आणि तिने डोळे मिटल्याशिवाय ती दुकानात जात नसे. स्वयंपाकघरातल्या फडताळातले डबे जसेच्या तसे ठेवले, आईला ते सोयीने लावायचे होते, पण तीच म्हणाली, "राहू दे. सूनबाई आली म्हणजे तिला सापडायला हवेत." मुलीची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. प्रत्येक पेपरानंतर ती काय सोपे गेले, काय राहिले, ते मोबाइलवर बोलून ठेवी आणि मी ते संध्याकाळी आत ऐकवी. पंख्याचा वेग किती ठेवायचा यावरून बहीणभावांचे एकदा कडाक्याचे भांडण झाले, तेही मी तसेच टिपून नेले. ऐकताना तिने पुन्हा पुन्हा डोळे मिटले. तक्ता पुढे धरला तर दोन अक्षरे आली : ३, म्हणजे वेग तीनवर ठेवा, आणि ब, म्हणजे बास. शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा झालेल्या धाकट्याची मिशी ऐन लढाईत गळून पडली आणि तो ती हातात धरून लढत राहिला. मी पोट धरून हसलो. त्या हसण्याचे काय करायचे, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. मी ते तिला नेऊन दिले. घरात हसणे झाले आणि ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही, तर ते खरोखरच तिच्यावाचूनचे हसणे होते. पोहोचले तर ते तिचेही झाले.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की ही क्रूरता आहे. रोगाशी झुंजणाऱ्या बाईला पिठाची विवंचना! आणि तीही बाई म्हणून! या आक्षेपाचा दुसरा भाग मी आधी घेतो. प्रश्न पिठाचा नसून शब्दाचा आहे, म्हणजे घरात तिच्या शब्दाला असलेल्या वजनाचा. खाटेवर शेतकरी असता तर पाण्याच्या पाळीचे विचारले असते, कारकून असता तर विम्याच्या हप्त्याचे. १८५६ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या एका सावित्रीने, सावित्रीबाई फुल्यांनी, नायगावला माहेरी आजारातून उठता उठता जोतीरावांना एक पत्र लिहिले. त्यात प्रकृतीचे थोडे आहे. शाळेच्या कामावरून भावाशी झालेला वाद आहे, आणि आपण नसल्यामुळे फातिमेवर कामाचा किती भार पडत असेल याची चिंता आहे. त्या बाईंना कोणी पत्र पाठविले असते की तुमच्यावाचून काही अडत नाही, तर त्यांना बरे वाटले असते असे मला वाटत नाही.

पहिल्या भागाला मात्र मर्यादा मान्य केलीच पाहिजे. ज्या चिंतेला मूठ आहे ती आजारी माणसाच्या हाती द्यावी, जिला फक्त पाते आहे ती देऊ नये. दळण आणू का, या प्रश्नाला मूठ आहे. तो तिला धरता येतो, तिने उत्तर दिले की तो सुटतो. शिक्षकांच्या पतपेढीतून किती कर्ज काढले आणि ते कसे फिटणार, याला त्या महिन्यांत मूठ नव्हती. ते मी माझ्याकडे ठेवले, आणि तिने विचारले तेव्हा खोटे न बोलता सांगितले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शुश्रूषेवरील १८५९ च्या पुस्तकात एक संबंध प्रकरण, भेटीला येणारे लोक आजाऱ्याला जो पोकळ धीर देतात, त्याच्याविरुद्ध आहे. पोकळ धीर देणारा स्वतःला हलके करून घेतो आणि आजाऱ्याला एकटा सोडून जातो. लहानशी खरी बातमी, मग ती तक्रारीची का असेना, त्याच्याजवळ जाऊन बसते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. माणूस परत येणार असेल तर जागा धरावी, हे ठीक. न येणार असेल तर? रुमाल टाकला आणि येणारा आलाच नाही, तर ते सारे स्वतःची फसवणूक ठरत नाही काय?

याचे उत्तर मला तर्काने देता आले नसते. ते मी पाहिले आहे. शेजारच्या खाटेवर एक किराणा दुकानदार होते. दुसऱ्याच कुठल्या दुखण्याने ते आले होते आणि ते दुखणे उलटणारे नव्हते; त्यांच्या पत्नीला तसे सांगण्यात आले होते. ती बाई रोज संध्याकाळी वही घेऊन आत जाई आणि दिवसाचा गल्ला, उधारी, तेलाच्या डब्याचा भाव त्यांना सांगे. बाहेरच्या बाकावर कोणी तरी तिला म्हणाले, "ताई, आता कशाला त्यांना हा ताप?" ती म्हणाली, "त्यांना विचारल्याबिगर दुकान उघडायचं कसं?" शेवटच्या संध्याकाळी ते शुद्धीवर होते तोवर तिने वही वाचली. ते गेल्यावर चार दिवसांनी इस्पितळाचे राहिलेले पैसे भरायला ती आली, आणि घाईत होती, कारण दुकान उघडे ठेवून आली होती.

त्या गृहस्थांना वही वाचून एक दिवसही जास्त मिळाला नसेल. परंतु ते गेले ते दुकानदार म्हणून गेले, खाटेचा नंबर म्हणून गेले नाहीत. जागा धरणे हे परत येण्यावर लावलेले पैसे नव्हेत. माणूस आहे तोपर्यंत त्याची जागा त्याचीच आहे, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, किंवा ठाऊक असतानाही, आज त्याला घराबाहेर न काढणे आपल्या हाती असते. आणि जो गेला त्याच्या घरच्यांनाही यातून काही मिळते. त्या बाईला दुकान नव्याने शिकावे लागले नाही. तीन आठवडे ती ते नवऱ्याकडून शिकत होती. अजाच्या आठ वर्षांत काय झाले असेल, याचा थोडा अंदाज मला तिच्या घाईवरून आला.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. वाटलेले लक्ष ही निष्ठेची उणीव नव्हे. मात्र ते नुसते वाटले जाऊन चालत नाही, दोन्ही टोके त्याने जोडली पाहिजेत. घरातून इस्पितळात जाताना हात रिकामे नसावेत आणि फळांनी भरलेलेही नसले तरी चालेल. त्यांत घरातली एखादी अडलेली गोष्ट असावी. आणि इस्पितळातून घरी येताना तिचा एखादा शब्द घेऊन यावे, मग तो 'बास' असला तरी. जेवावे, झोपावे, हसावे, भाव करावा, आणि त्याचा हिशेब संध्याकाळी सांगावा. ज्या घरात असा हिशेब सांगितला जातो ते घर दोन ठिकाणी असले तरी एकच असते.

माझी पत्नी अकरा आठवड्यांनी घरी आली. अजून तिला डाव्या पायाला पट्टा बांधून चालावे लागते आणि मूठ घट्ट आवळत नाही. यंदा चकलीचा सोऱ्या मुलगी दाबते, ही शेजारी बसून मोहन किती ते सांगते, आणि दोघींचे एकमत होत नाही. आईने फडताळ अजूनही लावलेले नाही. आता ते सुनेच्या संमतीने लावता येईल, पण तिची संमती मिळण्याचे चिन्ह दिसत नाही.